इंजिन बंद करून झोपायचं कसं? : ट्रकच्या केबिनमधल्या सुखाचा विचार



आजचा विषय पत्रिकेत वाचून दोघातिघांचे फोन आले. एकानं तर थेट विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून ट्रकच्या मागे कुठे लागलात?" त्यांना आम्ही एवढंच म्हटलं, की व्याख्यानाला या, ऐका, आणि सोडलंय का ते मग ठरवा.

सुरुवात एका रात्रीपासून करू. मे महिना होता. आम्ही विष्णुपुरीत राहतो, नांदेड-लातूर रस्त्यापासून फार लांब नाही. रात्री एकच्या सुमारास घरासमोरच्या मोकळ्या जागेत एक मोठा ट्रक येऊन थांबला. थांबला खरा, पण इंजिन काही बंद होईना. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, घरघर चालूच. खिडकीची तावदानं थरथरत होती. सौ. म्हणाल्या, "जाऊ द्या हो, झोपा." पण आमचा स्वभाव काही तसा नाही. टॉर्च घेऊन आम्ही खाली गेलो आणि केबिनच्या दारावर थाप मारली.

काच खाली झाली. आत पस्तीस-चाळिशीचा माणूस, डोळे लाल झालेले. आम्ही म्हटलं, "अहो, दीड वाजलाय. गाडी बंद करा की जरा."

तो चिडला नाही. म्हणाला, "काका, शौक म्हणून चालू ठेवायलो का मी? गाडी बंद केली तं एसी बंद. एसी बंद झाला तं ह्या डब्यात झोप लागतीय का, तुम्हीच सांगा. पहाटं पाचला निघायचंय, हैदराबाद गाठायचंय."

"मग खिडक्या उघडा," आम्ही म्हटलं. शिक्षकाची खोड, उत्तर तयारच असतं.

"खिडक्या उघडल्या तं डास. आन् मोबाईल हाय, खर्चीचे पैसे हायेत. मागच्या महिन्यात मी झोपलेलो असताना टाकीतून डिझेल काढून नेलं. मालकानं ते माझ्या पगारातून कापलं."

आता आमच्याकडे उत्तर नव्हतं. तोच पुढे म्हणाला, "तुम्हाला आवाजानं झोप येईना, मला गरमीनं येत नाही. करतो मी बंद. झोपा तुम्ही." आणि त्यानं चावी फिरवली.

आम्ही वर आलो. आवाज थांबला होता, पण झोप काही लागली नाही. आमच्या झोपेसाठी एका माणसानं आपली झोप सोडली होती, आणि तोच माणूस पहाटे पंचवीसेक टन माल घेऊन हमरस्त्यावर जाणार होता. त्या रस्त्यावर तुमची-आमची लेकरं मोटारसायकलवरून कॉलेजला जातात.

त्या रात्रीनंतर आम्ही या प्रश्नाच्या मागे लागलो. अर्धापूरला केळी भरायला आलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर, लोह्याजवळच्या ढाब्यावर थांबणारे, लातूरच्या बाजार समितीबाहेर रांगेत उभे असलेले, अशा बऱ्याच जणांशी बोललो. यंत्र अभियांत्रिकी शिकवून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांकडून गणितं समजून घेतली. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

प्रश्न जुना की नवा?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्याकडचा ट्रक ड्रायव्हर पिढ्यान्‌पिढ्या केबिनमध्ये एसी लावून झोपत आला, असं काही नाही. एसी होताच कुठे? तो ढाब्यावरच्या बाजेवर झोपायचा, मालावरच्या ताडपत्रीवर झोपायचा, गाडीखाली झोळी बांधून झोपायचा. केबिन म्हणजे लोखंडी भट्टी, हे त्याला ठाऊक होतं.

आता चित्र बदलतंय. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये अधिसूचना काढली. २०२५ पासून बनणाऱ्या एन-२ आणि एन-३ वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त एकूण वजनाच्या मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं केलं. निर्णय चांगला आहे. मराठवाड्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. त्यात पायाशी इंजिन घेऊन दहा-बारा तास बसणाऱ्या माणसाला गार हवा देणं ही चैन नव्हे.

पण त्यात एक गोम आहे. या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन चालू तर एसी चालू. गाडी चालवताना त्याची अडचण नाही. ड्रायव्हर मात्र त्या केबिनमध्ये फक्त गाडी चालवत नाही. तो तिथे राहतो, जेवतो, झोपतो. चालवण्यासाठी केलेली सोय झोपण्यासाठी वापरायची, तर रात्रभर इंजिन फिरवत ठेवावं लागतं.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्या आधी आला. तिथे ड्रायव्हरच्या मागे पलंग असलेल्या ट्रकांची इंजिनं थंडीत हीटरसाठी आणि उन्हाळ्यात एसीसाठी रात्रभर चालायची. कॅलिफोर्निया राज्यानं २००८ पासून अशा ट्रकांनाही नियम लावला, की पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ उभ्या गाडीचं इंजिन चालवायचं नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यातही, १९८८ च्या, कलम १२६ आहे. सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस बसलेला नसेल, तर यंत्र बंद आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे, असं ते सांगतं. मागच्या बर्थवर झोपलेला ड्रायव्हर चालकाच्या जागेवर नसतो, हे सांगायला वकील नको.

म्हणजे "इंजिन बंद करा" हे कायदाही सांगतो, मालकही सांगतो आणि समोरच्या घरातला म्हातारा प्राध्यापकही सांगतो. "मग झोपायचं कसं?" याचं उत्तर मात्र तिघांपैकी कुणीच देत नाही.

एका रात्रीचं डिझेल

आता थोडा हिशोब करू. गणित सोपं आहे, घाबरू नका.

अमेरिकेतला लांब पल्ल्याचा ट्रक नुसता उभा राहून ताशी सुमारे ३ लिटर डिझेल खातो. आपल्याकडची इंजिनं लहान, म्हणून एसीसकट ढोबळमानानं ताशी २ लिटर धरू. आठ तासांची झोप म्हणजे १६ लिटर. लिटरला नव्वद रुपये धरले तरी १,४४० रुपये. एका रात्रीच्या झोपेचे! एवढ्यात नांदेडात बऱ्यापैकी लॉजची खोली मिळते.

धुराचं पाहा. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १६ लिटरचे झाले ४३ किलो.

आणखी एक आकडा आम्हाला फार बोलका वाटला. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिट. म्हणजे ताशी २ लिटर जाळताना आपण २० युनिट ऊर्जा खर्च करतो. आणि एवढीशी केबिन गार ठेवायला लागतं किती? स्वतंत्र विजेवर चालणारा लहान एसी ताशी अर्ध्या युनिटाच्या आसपास घेतो. चाळीस भाग जाळायचे आणि एक भाग कामाला लावायचा. एक कप चहासाठी लग्नातली भट्टी पेटवण्यातला हा प्रकार.

नुकसान इंजिनचंही होतं. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांमध्ये धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी भाराखाली पळते तेव्हा धूर पुरेसा तापतो आणि ती काजळी जळून जाते. इंजिन नुसतं घरघरत ठेवलं तर धूर तेवढा तापत नाही, गाळणी चोंदत जाते. मग भर रस्त्यात डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ड्रायव्हरला गाडी बाजूला घेऊन ती साफ होईपर्यंत थांबावं लागतं. रात्री वाचवलेली झोप अशी दुपारी वसूल होते.

हे पैसे कुणाच्या खिशातून जातात? बऱ्याच ठिकाणी मालक डिझेलचा हिशोब एव्हरेजवर करतो. इतके किलोमीटर, म्हणून इतकं डिझेल. उभ्या गाडीनं खाल्लेल्या डिझेलला किलोमीटर नसतात. ते ड्रायव्हरच्या नावावर पडतं. तो एसी लावतो तेव्हा स्वतःच्या पगारातून झोप विकत घेत असतो.

'सुख' हा शब्द मुळात गाडीचाच

आता आमच्या विषयाकडे येतो. सोडला नाही, बघा.

'सुख' हा शब्द आपण रोज वापरतो. ऋग्वेदात तो माणसाला नव्हे, रथाला लागतो. 'सु' म्हणजे चांगलं आणि 'ख' म्हणजे छिद्र, चाकाच्या तुंब्यातलं, ज्यात आस बसतो. ज्या रथाचं हे छिद्र नीट, तो रथ हादरे न देता सहज चालतो. तो 'सुख' रथ. अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. म्हणजे आपल्या सुखाच्या कल्पनेचा उगमच गाडीत बसलेल्या माणसाच्या आरामात आहे.

पुढे न्यायदर्शनानं वेगळा विचार मांडला. आमचा प्रबंध त्यावरच होता, म्हणून थोडक्यात सांगतो, नाहीतर रात्र होईल. नैयायिक म्हणतात, अंतिम ध्येय हे सुखाची प्राप्ती नव्हे, तर दुःखाची कायमची निवृत्ती. मोक्षाच्या बाबतीत हे पटो न पटो, झोपेच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. झोप कुठून आणता येत नाही. झोपेच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर केल्या की ती आपली आपण येते.

मग प्रश्न असा मांडायला पाहिजे. "केबिन गार कशी करू?" असं विचारू नका. "झोपेच्या आड नेमकं काय काय येतंय?" असं विचारा. ड्रायव्हरांशी बोलून आम्ही यादी केली. सहा गोष्टी निघाल्या : उष्णता, कोंदट हवा, डास, आवाज आणि हादरे, उजेड, आणि भीती. चालू इंजिनचा एसी यातल्या उष्णता, कोंदटपणा, डास या तिघांना आवरतो, आणि काचा बंद असल्यानं भीतीही थोडी कमी करतो. पण आवाज आणि हादरे तो स्वतःच वाढवतो. शिवाय एक सातवी गोष्ट घेऊन येतो, डिझेलच्या हिशोबाची काळजी. तेव्हा तो काही रामबाण नव्हे. सहाही अडथळ्यांकडे वेगवेगळं बघितलं तर बहुतेकांना इंजिनची गरज नाही, असं लक्षात येतं.

एकेक अडथळा

पहिला, उष्णता. ती येते कुठून? आपल्या बहुतेक ट्रकांचं इंजिन केबिनच्या खाली असतं. दिवसभर तापलेलं ते लोखंड गाडी थांबल्यावरही बराच वेळ केबिनला शेक देतं. वरून टप तापलेला असतो, समोरची मोठी काच दिवसभर ऊन आत घेते. म्हणून आल्या आल्या दारं लावून झोपायचा प्रयत्न करू नये. टर्बोसाठी इंजिन दोन-तीन मिनिटं फिरू द्यावं, मग बंद करावं. दोन्ही दारं सताड उघडी टाकावीत आणि तेवढ्यात जेवण, आंघोळ उरकावी. पत्रा जसा लवकर तापतो तसा लवकर निवतोही. तासाभरानं आत शिरलात तर फरक कळतो.

दिवसा झोपायचं असेल तर सावली हीच खरी दवा. लिंबाखाली किंवा चिंचेखाली उभी असलेली गाडी आणि उन्हात उभी असलेली गाडी यांची तुलनाच नको. सावली कुठे सरकणार याचा अंदाज घेऊन गाडी लावावी. समोरच्या काचेला चकचकीत बाजू बाहेर करून पडदा लावला की ऊन बाहेरच परतवता येतं.

दुसरा उपाय पाण्याचा. आपल्या आजीला तो ठाऊक होता. दारात वाळ्याचा पडदा लावून ती त्यावर पाणी शिंपडायची. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन तृतीयांश युनिट इतकी उष्णता लागते. टपावर गोणपाट अंथरून त्यावर दहा लिटर पाणी ओतलं, तर ते वाळेपर्यंत सहा-साडेसहा युनिट उष्णता ओढून घेतं. सगळी केबिनमधून घेतं असं नाही, बाहेरच्या हवेतूनही घेतं. तरी टप निवतो. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, म्हणून हा उपाय इथे चांगला चालतो. पावसाळ्यात, दमट हवेत मात्र चालत नाही, आणि कोकणात तर मुळीच नाही. जिथे कूलर चालतो तिथेच हा चालतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

दुसरा अडथळा कोंदट हवा, तिसरा डास. या दोघांवर मिळून एकच उपाय आहे : दोन्ही खिडक्यांना जाळी आणि आत एक लहान पंखा. ट्रकच्या २४ व्होल्टवर चालणारे पंखे बाजारात मिळतात. शरीराला झोप लागायची तर आतली उष्णता थोडी बाहेर पडावी लागते; घाम वाळला की ती पडते, आणि पंखा घाम वाळवतो. बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असेल, म्हणजे भर दुपारी, तेव्हा नुसता पंखा उपयोगी नाही. मग अंगावर ओला पंचा घ्यावा. रेक्झिनच्या सीटवर उघड्या अंगानं झोपू नये, पाठ घामानं चिकटते. खाली चटई आणि वर सुती वाकळ टाकावी. वाकळ घरचीच असली तर झोप आणखी बरी लागते, असं एकानं सांगितलं. ते गणितात बसत नाही, पण आम्हाला पटलं.

आवाज आणि हादरे तर इंजिन बंद झालं की निम्म्याहून जास्त जातातच. उजेडासाठी गडद पडदा पुरतो.

इथे एक इशारा देतो, तो विसरू नका. थंडीत केबिन ऊबदार करण्यासाठी बंद काचांच्या आत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवून झोपू नये. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस उठतच नाही. इंजिन चालू ठेवून झोपणाऱ्यालाही हा धोका आहे, धुराची नळी फुटलेली असली तर विशेष. आपल्याकडच्या थंडीला दोन वाकळा आणि कानटोपी पुरेशी आहे.

बॅटरीचं गणित

काही ड्रायव्हर एसी नसतानाही इंजिन चालू ठेवतात. का? "बंद केली तं सकाळी सेल्फ घेईल का नाही, भरोसा नाही," हे एक कारण. "ब्रेकची हवा उतरते," हे दुसरं. ही दोन्ही कारणं आरामाची नाहीत, दुरुस्तीची आहेत. जुनी बॅटरी बदलली आणि हवेची गळती काढली की ती संपतात. दुरुस्ती टाळून मालकाचा जो खर्च वाचतो तो रोज रात्री डिझेलमधून जातो, आणि दिसत नाही.

आता पंखा आणि एसी यांची तुलना करू. ट्रकमध्ये साधारण १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट करतात. १२० अँपिअर-अवरच्या धरल्या तर साठा होतो २४ गुणिले १२०, म्हणजे २,८८० वॅट-अवर, जवळपास तीन युनिट. सकाळी सेल्फ मारायला पुरेसं शिल्लक ठेवायचं असेल तर त्यातलं निम्मंच वापरता येतं. म्हणजे दीड युनिटाहून थोडं कमी.

वीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर १६० वॅट-अवर. अगदी किरकोळ. फोन चार्ज करा, दिवा लावा, तरी चालतं. उभ्या गाडीत चालणारा विजेवरचा एसी मात्र सरासरी ४०० वॅट घेतो असं धरलं, तर आठ तासांत ३.२ युनिट. दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या होतील आणि तरी पहाट व्हायची असेल. म्हणून असा एसी बसवायचा तर त्याला स्वतंत्र, मोठी बॅटरी पाहिजे. गाडी पळताना ती भरते, आणि सेल्फच्या बॅटरीला हात लागत नाही. 'पार्किंग एसी' म्हणून हे उपकरण आता मिळतं. ड्रायव्हरनं स्वतःच्या पैशातून घ्यावं अशी ही वस्तू नाही. पण मालकानं रात्रीचे १,४४० रुपये डोळ्यांपुढे ठेवून, वर्षातल्या उन्हाळ्याच्या रात्री मोजून हिशोब करावा. आम्ही उपदेश करत नाही. गणित त्यांचं त्यांनी करावं.

राखणदार डिझेल वाचवतो

पाच अडथळे झाले. सहावा उरला, भीती. आमच्या मते सगळ्यात मोठा तोच आहे.

खिडकी उघडी ठेवून, जाळी लावून, पंख्याखाली मे महिन्याची रात्रही निघते, कारण बाहेरची हवा मध्यरात्रीनंतर बरीच उतरलेली असते. पण खिडकी उघडी ठेवायची हिंमत लागते. डिझेलची चोरी, पैशांची चोरी, मालाची चोरी, आणि मग "तूच विकलंस" हा आरोप. ज्या ठिकाणी उजेड आहे, कुंपण आहे, रात्री फिरणारा एक राखणदार आहे, तिथे ड्रायव्हर काच खाली करतो. काच खाली झाली की इंजिन बंद होतं. एका राखणदाराच्या काठीनं पन्नास गाड्यांचं डिझेल वाचू शकतं, हे कुठल्या इंधनबचतीच्या फलकावर लिहिलेलं आम्ही पाहिलं नाही.

आपल्या समाजाला हे नवं नाही. शेरशहानं रस्त्यांवर सराया बांधल्या. अहिल्याबाईंनी देशभर धर्मशाळा आणि विहिरी बांधल्या. वाटसरूची झोप ही त्याची एकट्याची गोष्ट नाही, ती रस्त्याच्या बांधणीचाच भाग आहे, हे त्यांना कळत होतं. आपल्या नांदेडात तर हे आजही डोळ्यांनी बघता येतं. सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणालाही जात-धर्म न विचारता जेवण मिळतं, यात्री निवासात पाठ टेकता येते. पंजाबहून माल घेऊन आलेला ड्रायव्हर तिथे निर्धास्त असतो.

सरकारी पातळीवरही हालचाल आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतीगृहं उभारण्याची घोषणा केली. तेल कंपन्यांच्या काही पंपांवर 'अपना घर' नावानं खोल्या, न्हाणीघर, स्वयंपाकाची जागा अशी सोय आहे. पण आमचं म्हणणं असं, की मोठी इमारत होईल तेव्हा होईल. बाजार समितीबाहेर, साखर कारखान्याच्या गेटबाहेर हंगामात गाड्यांची रांग लागते, तिथे आधी उजेड, नळ, शौचालय आणि राखणदार द्या. आणि नंबराची चिठ्ठी द्या. नंबर कधी येईल ते माहीत नसलं की रांग दर दहा मिनिटांनी दोन हात पुढे सरकते, आणि कुणीच इंजिन बंद करत नाही, कुणीच झोपत नाही.

झोप कुणाची जबाबदारी?

चरकसंहितेत शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत : आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. निद्रेला आहाराच्या बरोबरीनं बसवलं आहे. आपण ड्रायव्हरला जेवणाची खर्ची देतो, पण झोपेची खर्ची देत नाही.

या झोपेची किंमत किती ते पाहा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या संशोधकांचा २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाचं काही चाचण्यांमधलं काम, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकं किंवा त्याहून वाईट झालं. आपल्या कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. दारू प्यायलेल्या ड्रायव्हरला आपण तुरुंगात टाकतो. आणि न झोपलेल्याला? त्याला आपण "लवकर पोहोचलास, शाब्बास" म्हणतो.

आपल्या देशानं १९६१ सालीच मोटार परिवहन कामगार कायदा केला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असा नियम घातला. पण तो लागू झाला पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांना. एक-दोन गाड्यांचा मालक आणि त्याचा ड्रायव्हर त्याच्या बाहेरच राहिले. युरोपात तर याच्या पुढे जाऊन म्हणतात, की आठवड्याची ४५ तासांची पूर्ण विश्रांती ड्रायव्हरनं केबिनमध्ये घ्यायचीच नाही. केबिन कितीही चांगली केली तरी ते घर नव्हे, हे त्यामागचं तत्त्व आहे.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. "इंजिन बंद ठेव" ही आज्ञा नीतीची व्हायची असेल, तर ती पाळता येण्याजोगी असली पाहिजे. जे करणं माणसाच्या हातात नाही त्याचं कर्तव्य त्याच्यावर लादता येत नाही. हे कोणतंही नीतिशास्त्र मान्य करतं. सावली, पाणी, पंखा, वाकळ हे ड्रायव्हरच्या हातात आहे. जाळी, बॅटरी, गळतीची दुरुस्ती, पार्किंग एसी हे मालकाच्या हातात आहे. उजेड, नळ, राखणदार हे आपल्या, म्हणजे समाजाच्या हातात आहे. तिघांनी आपापलं केलं तर इंजिन आपोआप बंद होतं. आपलं न करता फक्त ड्रायव्हरला बोलणं म्हणजे, आम्ही त्या रात्री टॉर्च घेऊन जे केलं तेच.

एक प्रश्न

मागून एका विद्यार्थ्यानं चिठ्ठी पाठवली आहे : "सर, इलेक्ट्रिक ट्रक आले की हा प्रश्न सुटेल का?"

अर्धा सुटेल, बाळा. विजेच्या ट्रकला एसीसाठी इंजिन फिरवावं लागणार नाही, धूर नाही, घरघर नाही. पण डास राहतील, चोराची भीती राहील, रांग राहील, आणि "पहाटे पाचला पोहोच" हा फोनही राहील. यंत्र बदललं की इंधनाचा प्रश्न सुटतो. झोपेचा प्रश्न माणसांनी माणसांशी कसं वागायचं याचा आहे.

आमच्याकडून जे झालं तेही सांगून टाकतो. फाटकावर आता नऊ वॅटचा दिवा रात्रभर चालू असतो. दहा तासांचे ९० वॅट-अवर, महिन्याला तीन युनिटसुद्धा होत नाहीत. कुंपणाबाहेर एक तोटी काढून दिली आहे. तो ड्रायव्हर पुन्हा भेटला नाही. दुसरे मात्र येतात. टपावर पाणी टाकतात, हातपाय धुतात. काही जण इंजिन बंद करतात, काही जण करत नाहीत. आम्ही आता खाली जाऊन दार वाजवत नाही. सकाळी भेटला तर चहा देतो आणि विचारतो, "झोप झाली का?"